इस्त्री केलेल्या मुलाखती

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे की आजी या वयात नोकरीला लागली आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्या कामाची चौकशी झाली. यातलं पहिलं खोटं आहे. ती नोकरी नव्हती, हौस होती. चौकशी मात्र खरोखर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. फोनवर तुम्ही दोघं इतके हसत होतात की मला मुद्द्यावर येताच आलं नाही, म्हणून आता सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

क्रमाने म्हणजे आधी माझी जुनी, खरीखुरी नोकरी. अंबरनाथला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी साहेबांची स्टेनो होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. काम काय करत होते ते माहीत नसेल. आमचे साहेब तापट. फोन आपटून ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, लिहा. त्या गाढवाला कळवा, तुझा माल सडका आहे आणि तूही." मी इंग्रजीत लिहायचे की आपण पाठवलेला माल आमच्या अपेक्षेस उतरला नाही याचा खेद वाटतो, तरी आपलं सहकार्य असंच लाभत राहील अशी आशा आहे. साहेब सही करताना पत्र वाचायचे आणि मान डोलवायचे. "अगदी हेच मला म्हणायचं होतं." अशी तीस वर्षं गेली. माझ्या हाताखालून गेलेला कोणताही माणूस कागदावर सभ्यच उतरायचा. मला याचा फार अभिमान होता. हे इथेच नोंदवून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

तर मागच्या वर्षी आपल्या बदलापूरच्या, मांजर्लीतल्या घरातल्या मागच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. केरळची, राज्यशास्त्राची, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातली. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी जिन्यातच मला गाठलं.

"मॅडम, पोरगी मासे तळणार का?"

"मीही तळते," मी म्हटलं.

"तुमची गोष्ट वेगळी."

ही गोष्ट वेगळी का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या मुलीने मात्र लगेच विचारलं, आणि वहीत लिहूनही घेतलं. तिच्याकडे एक जाड वही असायची. चेअरमनसाहेब त्या वहीला शेवटपर्यंत घाबरून होते.

तिचा विषय होता बायका, अल्पसंख्याक आणि समाजातून वगळलं जाणं. मी विचारलं, "वगळलं जाणं म्हणजे नेमकं कोणी कोणाला?" ती म्हणाली, "तेच शोधायला आले आहे." ज्या बायका कामासाठी दुसऱ्याच्या दारात जातात, त्यांना कुठल्या दाराने आत घेतात, कुठे बसवतात, कशातून पाणी देतात, कुठल्या नावाने हाक मारतात, असे तिचे प्रश्न होते. निवडणुका, पक्ष, लोकसभा यांपैकी काहीच नाही. मला हे राज्यशास्त्र थोडं घरगुती वाटलं. मी तिला मनापासून सांगितलं, "आमच्याकडे तसलं काही नाही." तिने तेही लिहून घेतलं. मला वाटलं, चला, एक मुद्दा निकालात निघाला.

तिची अडचण भाषेची होती. मराठी येत नव्हतं आणि हिंदी शाळेच्या पुस्तकातलं. "क्या आप अपने कार्यस्थल पर सम्मान का अनुभव करती हैं?" असा प्रश्न उल्हासनगरात विचारला तर समोरची बाई आधी विचारते, "कितने का है?" तेव्हा ठरलं की मी बरोबर जायचं, प्रश्न मी विचारायचे, मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं आणि नंतर ते ऐकून इंग्रजी मजकूर मी टाइप करून द्यायचा. वेळ थोडा होता. आईच्या आजारपणात तिने एकदा मुदत वाढवून घेतली होती. प्रबंधातलं हे मुलाखतींचं प्रकरण पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत मंजूर झालं नाही तर विद्यापीठ तिची नोंदणी रद्द करणार होतं. चार वर्षांचं काम पाण्यात, आणि मग गावी जाऊन आत्याच्या बालवाडीत कायमची बाई. आत्याने खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती म्हणे. "लहान मुलं मला आवडतात," ती म्हणाली, "पण एका वेळी एकच."

पहिली फेरी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात झाली; तिथे वस्त्यांना अजून कॅम्पच म्हणतात. गल्लीत जीन्सचा कारखाना, म्हणजे खाली दुकान आणि वर माळ्यासारखी लांब खोली. तिथे आठ-दहा बायका मांडी घालून, शिवून झालेल्या पॅंटींचे लोंबते धागे कापत बसलेल्या. मालकीणबाई सिंधी, मोठ्या प्रेमळ. पाण्याबरोबर पापड आल्याशिवाय त्यांनी आम्हाला तोंडच उघडू दिलं नाही.

"अदी, पहले पापड, फिर सवाल." अदी म्हणजे सिंधीत ताई. मग बायकांकडे वळून त्यांनी स्वतःच संशोधन उरकून टाकलं. "इनको कोई तकलीफ नहीं है. बोलो, है कोई तकलीफ?"

"नहीं!" सगळ्याजणी शाळेसारख्या एका सुरात.

"देखा? लिखो."

मालकीणबाई खाली गेल्यावर त्याच बायका अशा सुटल्या की मला कोणाकडे बघावं कळेना. त्यातली एक मुसलमान बाई सकाळी अंबरनाथला दोन घरी पोळ्या करायची आणि दुपारी इथे यायची. तिने मला दोन नावं सांगितली. पोळ्यांच्या घरी एक, स्वतःच्या घरी दुसरं.

"त्यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"जिस नाम से किचन में जाने देते, वो," ती म्हणाली, आणि सगळ्या इतक्या हसल्या की धाग्यांचा ढीग उडाला. "एक बार भूल गई मैं. भाभीने बुलाया और मैं सुनतीच नहीं. वो बोली, बहरी है क्या? मैं बोली, हां भाभी, थोडी."

तिच्याच शेजारी बदलापूरकडच्या गावातली एक म्हातारी आगरी बाई होती. तिने मला विचारलं, "तू कोन गो? हिची सासू?" मी म्हटलं, मी भाषांतर करते. "म्हंजे काय करतेस?" मी म्हटलं, तुम्ही बोलता ते तिला नीट करून सांगते. "नीट करून?" असं म्हणून तिने शेजारणीकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते कळायला मला तीन आठवडे लागले.

घरी येऊन मी कामाला लागले. दोन नावांच्या त्या बाईबद्दल मी इंग्रजीत लिहिलं की या बाईंना लाडाने आणखी एका नावानेही ओळखलं जातं. मालक ओरडतो असं कोणी म्हणालं, तर कामाच्या ठिकाणी संवाद खुलेपणाने होतो. संडासला जायला शेजारच्या इमारतीत विचारावं लागतं, तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत. एका बाईने मालकाच्या मेव्हण्याला जे नाव ठेवलं होतं ते मी पूर्ण गाळलं आणि त्या जागी "झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो" हे वाक्य घातलं. तुम्हाला वाटेल आजी खोटारडी आहे. मला खरंच वाटत होतं की मी त्यांची बाजू घेते आहे. एवढ्या शिकलेल्या लोकांपुढे त्यांचा मजकूर जाणार; तो जरा अंघोळ करून, केस विंचरून गेलेला बरा. छापण्यापूर्वी मजकूर प्रत्येकीला वाचून दाखवायचा आणि तिचा होकार घ्यायचा, असा त्या मुलीचा नियम होता. तोही मी पाळला. "सगळं चांगलं लिहिलंय, काळजी करू नका," असं प्रत्येकीला सांगून आले.

शेवटची मुलाखत आपल्याच स्वयंपाकघरात झाली, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची. तुम्ही त्यांना व्हिडिओवर पाहिलं आहे, मागून हात हलवतात त्या. वयाने त्या तुमच्या आईएवढ्या आहेत, पण मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला आजी म्हणतात. मी त्यांना अहोजाहो करते. याचाही मला अभिमान होता.

मुलीने सगळं एकत्र करून विद्यापीठातल्या तिच्या गाइडकडे पाठवलं. माझं टायपिंग पाहून ती खूश होती. एकही चूक नाही, दोन्ही बाजूंना समास. आठव्या दिवशी त्यांचा मेल आला. ती टेबलाशी बसून वाचत होती आणि तिचा चेहरा पाहून मी गॅस बंद केला.

गाइडनी लिहिलं होतं, या सगळ्या बायका एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या आहेत का? धागे कापणारी बाई गैरसोयीबद्दल खेद का व्यक्त करते? सर्वांना अर्धविरामाची एवढी आवड कशी? त्यांना शंका आली म्हणून त्यांनी शेवटचं रेकॉर्डिंग मराठी येणाऱ्या एका सहकाऱ्याला ऐकवलं होतं. रेकॉर्डिंग आणि मजकूर यांचा एकमेकांशी ओळखीचासुद्धा संबंध नाही, असा त्याचा निर्वाळा होता. मुलाखती रचलेल्या असतील तर प्रकरण इथेच संपलं. तसं नसेल, तर दहा दिवसांत शब्दन् शब्द नव्याने द्यायचा. ती शेवटची मुलाखत तर त्यांना आधी हवी होती.

"मी रचलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही रचलंय?"

मी दुखावले. म्हटलं, मी फक्त नीट केलं. असं म्हणताना मला त्या आगरी बाईचं पाहणं आठवलं, पण मी ते बाजूला सारलं. शेवटी मुलीने मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि मावशींचं रेकॉर्डिंग लावलं. मजकूर माझ्या हातात. एक वाक्य झालं की थांबवायचं आणि मी शब्दशः सांगायचं.

पहिल्यांदा ऐकू आला तो माझा आवाज. मग दुसऱ्यांदाही माझाच. तुम्हाला सांगते, स्वतःचा आवाज ऐकणं काही चांगलं नसतं. मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरही निम्मं मीच देत होते. कारखान्यातल्या मालकीणबाईंना मी मनात हसले होते. त्यांनी निदान पापड तरी दिले.

मावशी म्हणत होत्या, "लिफ्टचं तर काय, आम्ही वापरायची नाय. बोर्ड लावलाय ना खाली, इंग्लिशमधी. आपल्या आजींनीच..."

आणि माझा आवाज, अगदी गोड: "ते जाऊ द्या मावशी, पुढचं सांगा."

मुलीने थांबवलं. "इथे तुम्ही काय लिहिलंय?"

मी कागद पाहिला. इंग्रजीत लिहिलं होतं की नियमित जिने चढल्यामुळे बाईंची प्रकृती उत्तम आहे.

त्या बोर्डाचं असं आहे. आपल्याकडे नदीचं पाणी चढलं की लिफ्टच्या खड्ड्यात शिरतं. एका वर्षी लिफ्ट महिनाभर बंद होती. ती सुरू झाल्यावर सभेत ठरलं की लिफ्टवरचा भार कमी करायचा. कोणाचा भार? सभेत जे नव्हते त्यांचा. घरकामाच्या बायका, कुरिअरवाले, इस्त्रीवाला. ठराव सगळ्यांचा, पण चांगलं इंग्रजी मला येतं म्हणून मजकूर माझा. घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी जिन्याचा लाभ घ्यावा, असं मी लिहिलं होतं. लाभ.

पुढे चहाची गोष्ट आली. रेकॉर्डिंगमध्ये मी ऐटीत विचारत होते, "आपल्याकडे कप वेगळा नाही ना मावशी?"

"नाय नाय," मावशी म्हणत होत्या, "वेगळा कुठं. कान तुटलेला तेवढा माझा."

मजकुरात मी लिहिलं होतं की चहाची सोय आहे.

त्यानंतर गणपती. "पायऱ्या धुवायला बोलवतात, मोदक वळायला नाय. मला वळायचे पण नाय, आम्ही बौद्ध, आमच्यात गणपती नसतो. पण विचारायचं तर! मी नको बोलले असते ना." मजकुरात बाई सणांमध्ये सहभागी होत होत्या.

मुलगी पहिल्यांदा हसली तेव्हा मला राग आला. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर माझ्या लक्षात आलं की ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं. दहा दिवस होते आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मी कुठे ना कुठे "ते जाऊ द्या" म्हटलेलं होतं. नुसतं पुन्हा टाइप करून भागणार नव्हतं. परत जाऊन विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षाने आम्ही पुन्हा कॅम्पात. माळ्यावर पाय ठेवला तोच दोन नावांची बाई ओरडली, "आ गई, इस्त्रीवाली आजी आ गई!" म्हणजे मला तिथे टोपणनाव होतं आणि ते पहिल्या दिवसापासून होतं. मी झाला प्रकार सांगितला. माफी मागताना माझं वाक्य जरा लांबलं, तशी म्हातारी म्हणाली, "बस झाला बाय. आता इचारतेस तर आयक. मधी त्वांड घालू नको." मी तासभर तोंड घातलं नाही. हे किती कठीण असतं ते तुमच्या आजोबांनी सांगितलं असतं.

पुढचे दिवस मी टाइप करत होते आणि मुलगी माझ्या मागे उभी राहून, आमचे साहेबसुद्धा कधी राहिले नव्हते तशी, पहारा देत होती. बाई हसली तर हसली लिहायचं. गप्प बसली तर गप्प बसली. मेव्हण्याला दिलेल्या त्या नावावर आम्ही अडलो. मी शब्दकोश काढला. शब्दकोशात तेवढी हिंमत नव्हती. शेवटी मालकीणबाईंना फोन लावला. त्यांनी अर्थ इतका सविस्तर समजावला की मुलीला दोन पानं लागली, आणि मग म्हणाल्या, "किसके लिए बोला? मेरे भाई के लिए?" मी म्हटलं, संशोधनात नाव सांगता येत नाही. "ठीक बोला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

राहिल्या मावशी. त्या तयार होत्या, पण एक अट घातली.

"आजी, तुम्ही भायेर बसा."

"मग भाषांतर?"

"ते मागाहून करा. बोलताना नको. प्रश्न मला ठाऊक आहेत."

दार आतून लागलं आणि मी माझ्याच घराबाहेर जिन्यात उभी. गुडघे दुखायला लागले तशी दोन पायऱ्या उतरून वळणावर बसायला गेले, तर वाळूच्या लाल बादलीमागे पुठ्ठ्याचा घडी केलेला तुकडा खोचलेला दिसला. मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेला. चौथा मजला चढताना मावशी रोज कुठे दम खातात ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यावर बसले नाही. तो त्यांचा होता.

चेअरमनसाहेब लिफ्टमधून उतरले. "मॅडम, चावी विसरलात?"

"नाही. आत मावशी बोलताहेत."

"मग तुम्ही बाहेर का?"

"मला वगळलं आहे."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "पोलिसांना फोन करू?"

मी नको म्हटलं. वर हेही सांगितलं की तो बोर्ड काढायचा विषय पुढच्या सभेत मी मांडणार आहे. "पण एवढं छान इंग्लिश!" ते कळवळून म्हणाले. सभा होईपर्यंत मला धीर धरवला नाही. दुसऱ्या सकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो स्वतःच काढला. तीन दिवसांनी त्या जागी दुसरा लागला, मराठीतून. मावशी म्हणाल्या, "चला, आता वाचता तरी येईल काय लिहिलंय ते." हल्ली मी सकाळी दुधाला खाली जाते ती त्यांच्या वेळेला, आणि आम्ही दोघी लिफ्टने वर येतो. चेअरमनसाहेब छताकडे बघतात. हा सामना अजून सुटलेला नाही.

त्या तासाभरात आत मावशी काय बोलल्या ते मी दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकलं. बरंच काही तुम्हाला सांगण्यासारखं नाही, त्यांच्या घरचं आहे. माझ्याबद्दल होतं ते सांगते. "आजी वाईट नाय. वाईट असती तर सोपं होतं, काम सोडलं असतं. आजी नीट आहे. सगळं नीट लावून ठेवते. डबे लावते, कपाट लावते. मला पण लावून ठेवलंय."

या चार ओळींना माझी अख्खी सकाळ गेली. मालकीण पद्धतशीर आहे, असं एक वाक्य बोटांत तयार होतं. मी ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तीस वर्षांत मी कोणाकोणाचं कायकाय सुधारलं असेल याचा विचार मनात येत होता, आणि त्या सगळ्या पत्रांत माझं स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं, याचाही. मुलगी या वेळी मागे उभी नव्हती. ती मुद्दाम गॅलरीत जाऊन बसली होती. शेवटी मावशी जशा बोलल्या तसंच, तेवढ्याच तुटक इंग्रजीत मी उतरवलं. वाक्याला क्रियापद कमी पडत होतं, पडू दिलं.

दहावा दिवस. पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं आणि मावशी बाकीची घरं उरकून चारला आल्या. त्यांचा होकार राहिला होता. मी इंग्रजीतलं एकेक वाक्य परत मराठीत करून त्यांना वाचून दाखवायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"इथं मी हसले होते. लिवलंय का?"

"लिहिलंय, हसतात."

"नुसतं हसतात? लय हसले होते."

मुलीने "लय" घातलं. साडेचार झाले. सासूचा एक किस्सा त्यांनी काढायला लावला, काढला. नवऱ्याचा एक घालायला लावला, घातला. मग माझ्याबद्दलचा भाग आला. तो मी सरळ आवाजात वाचला. मावशींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मग मुलीकडे वळल्या.

"हे सगळं नको छापू."

"कौन सा, मौसी?"

"सगळंच. माझं सगळं काढ. चेअरमनच्या घरी पण काम आहे माझं. उद्या कोणी वाचलं तर?"

मी ते तिला इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न बदलता. पावणेपाच वाजले होते. गाइडला सगळ्यात आधी हीच मुलाखत हवी होती. ती नसेल तर ते म्हणणार, रचलेलीच होती. बालवाडीची ती खुर्ची मला डोळ्यांपुढे दिसत होती. मनात आलं, मावशींना समजवावं, दोन गोड शब्द बोलावे. माझं तोंड उघडलंही होतं. मुलीने मला हातानेच थांबवलं.

"ठीक है," ती म्हणाली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून ती पानं निवडली, आणि तिने ती खरंच काढून टाकली. पडद्यावर एकदम मोकळी जागा झाली.

मावशी वाकून बघत होत्या. "गेलं?"

"गेलं," मी म्हटलं.

"आणि आता हिचं काय होनार?"

मी शब्दशः सांगितलं. नोंदणी, चार वर्षं, आत्या, बालवाडी.

"मंग काढलं कशाला?"

"तुम्ही नको म्हणालात म्हणून."

मावशी पदराने हात पुसत उभ्या राहिल्या. हात ओले नव्हते तरी पुसत होत्या. "इतकी वर्षं काम करते मी, नको बोलले आणि झालं असं कधी झालं नाय," त्या म्हणाल्या. मग मुलीच्या खांद्यावर थाप मारली. "घाल पोरी परत. येतं ना परत घालता? फक्त बिल्डिंग बदल. आणि मजला."

येत होतं. बिल्डिंग बदलली, मजलाही बदलला; कुठला केला ते तुम्हालाही सांगत नाही. पाचला तीन मिनिटं असताना मेल गेला. आम्ही तिघींनी चहा घेतला.

उत्तर सहाव्या दिवशी आलं, सकाळी, मावशी भांडी घासत असताना. प्रकरण मंजूर. गाइडनी लिहिलं होतं की आता या बायका बोलताना ऐकू येतात, माझ्या वतीने त्यांचे आभार माना. मुलगी स्वयंपाकघरात नाचली. केरळात कशा नाचतात मला माहीत नाही, पण माझी बरणी थोडक्यात वाचली. मेलच्या शेवटी त्यांची एक सूचना होती. त्या नीटनेटक्या मालकीणबाईंचीही मुलाखत घ्यावी, शक्य असल्यास.

मी ते मावशींना सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"घ्या की आजींची. मी विचारते प्रश्न," त्या म्हणाल्या. "पण आधी त्या गुरुजींना विचार पोरी, त्यांच्याकडे भांडी कोन घासतं? आणि ती कुठनं वर येते?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. गुरुजींच्या जागी आदरणीय महोदय घालायचा मोह झाला, तो आवरला. तिने ते टाइप केलं, दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

त्याला आता पाच महिने होतील. बाकीच्या मेलना गाइड हल्ली त्याच दिवशी उत्तर देतात; या एकाचं अजून यायचं आहे.